एका घोंगडीवरची दोघं

गुरुवारी सकाळी सव्वासहा वाजता सिद्धूच्या तळहातावरून इष्टलिंग खाली पडलं. भवानी पेठेतल्या त्या लिंगायत घरात असं आजवर कुणाच्या हातून झालं नव्हतं.

देवघरासमोर घोंगडी अंथरली होती आणि तिच्यावर दोन चुलतभाऊ शेजारी शेजारी बसले होते. नऊ वर्षांचा सिद्धू आणि त्याच्याहून आठ महिन्यांनी लहान मल्लू. कार्तिकात दोघांना एकाच दिवशी दीक्षा दिली होती. तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ करायची, कपाळाला विभूती लावायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला पाणी घालायचं, बेल वाहायचा आणि पापणी न हलवता त्याच्याकडे बघत बसायचं, असा क्रम आजीने लावून दिला होता. आजीचं नाव नागव्वा. घरात लहानमोठे सगळे त्यांना अव्वाच म्हणत.

लिंग घोंगडीच्या कडेला आपटून फरशीवर घरंगळत गेलं. मल्लूने हात जागचा हलवला नाही, नुसते डोळे वळवले. सिद्धू ते उचलायला वाकला, पण त्याची बोटं मिटेनात. शेवटी अव्वांनीच ते उचलून पदरात धरलं. कानडीत काही तरी पुटपुटल्या आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा ल्हान हाय तो. त्याचा हात बघा कसा दगडासारखा हाय."

हे वाक्य अव्वा नातवाला म्हणाल्या, पण लागलं ते स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या चंद्रिकाला. ती सिद्धूची आई, घरची थोरली सून. असल्या वाक्यांची तिला सवय होती, पण सवयीने त्यांची धार कमी झाली नव्हती. मल्लू सिद्धूच्या आधी बोलायला लागला होता. मल्लूचं अक्षर वळणदार होतं. मल्लू ताटात काही टाकत नसे. आणि मल्लूची आई अक्षता, धाकटी जाऊ, लग्नाआधी अक्कलकोटला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायला काढून घ्यायची, त्यामुळे घरात कुणाला साधी शिंक आली तरी अव्वा आधी वरच्या मजल्याकडे बघून हाक मारायच्या. चंद्रिका खाली राहायची, अक्षता वर. चुली वेगळ्या होऊन चार वर्षं झाली होती, पण देवघर एकच होतं. त्यामुळे रोज सकाळी त्या एका घोंगडीवर दोन्ही मजल्यांचा निकाल लागायचा.

त्या सकाळी निकाल असा उघडा लागल्यावर चंद्रिका पुढे आली आणि तिने सिद्धूला पुन्हा बसवलं. लिंग आता शुद्ध केल्याशिवाय हातात देता येणार नव्हतं, म्हणून रिकामाच तळहात पुढे धरायला सांगितला. मल्लूची पूजा होईस्तोवर हात खाली आला तर बघ, म्हणाली. सिद्धूने हात धरला. तो थरथरला, कोपरातून वाकला आणि मांडीवर येऊन पडला. तिने तो पुन्हा वर केला. पुन्हा पडला. मम्मी, मुंग्या येतात, असं तो म्हणाला. शाळा बुडवायची असली की येतात मुंग्या, असं ती म्हणाली.

तेवढ्यात अक्षता मल्लूला शाळेसाठी न्यायला जिना उतरून आली. सिद्धू उठून भिंतीला धरून दोन पावलं चालला, ते तिने पाहिलं.

"अक्का, ह्याचं पाऊल बघा की. आपटतोय तो. परवा जिन्यावर पण असंच बघितलं मी. दोघांचं पोट बिघडून दोन आठवडे झाले, अशक्तपणा एवढा राहत न्हाय. आज दाखवून घेऊया."

थोरल्या जावेला अक्का म्हणायची त्या घरची रीत होती आणि अक्षता ते गोडच म्हणायची. चंद्रिकाला तो गोडवाच नको असायचा. संक्रांतीनंतर दोन्ही पोरांना एकाच दिवशी जुलाब लागले होते, दोघंही तीन दिवस पडून होते. मल्लू उठून पतंग उडवायला लागला आणि सिद्धू ओढल्यासारखा राहिला, हे चंद्रिकाला दिसत नव्हतं असं नाही. पण ते अक्षताच्या तोंडून ऐकायचं म्हणजे आपल्या पोराच्या कमीपणावर तिचा शिक्का मारून घ्यायचा.

"तुझ्या लॅबमधी पाय बी तपासत होते व्हय?" ती म्हणाली.

अक्षताने मल्लूच्या पाठीवर दप्तर अडकवलं आणि ती निघून गेली.

अव्वांचं म्हणणं एकच होतं. लिंग पडलंय, आधी अय्यांना बोलवा. अय्या म्हणजे त्या घराचे जंगम गुरू, बसलिंगय्या. ते अक्कलकोटकडे एका घरी वास्तूला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी यायचे होते. तोवर सिद्धूने घराबाहेर पडू नये, दूध सोडून काही घेऊ नये, असं अव्वांनी ठरवलं. एरवी चंद्रिका त्यावर कुरकुरली असती. त्या दिवशी तिला ते सोयीचं वाटलं. दवाखान्यात नेलं असतं तर अक्षताचं ऐकून नेलं असं झालं असतं. अय्यांची वाट बघण्यात कुणाचं ऐकल्यासारखं नव्हतं.

दुपारी सिद्धूला संडासला नेताना तिला त्याला उचलावं लागलं. तिने तिळाचं तेल गरम करून त्याच्या पोटऱ्या चोळल्या. नवरा सोमशेखर चादरी-टॉवेलच्या दुकानातून संध्याकाळी आला तेव्हा पोरगा झोपला होता. दमलाय, असं तिने सांगितलं. वरून मल्लूचे धावण्याचे आवाज येत होते. तो पळत होता, थांबत होता, पुन्हा पळत होता. चंद्रिकाने एकदा केरसुणीच्या दांड्याने छताला टोकलं.

शुक्रवारी सकाळी बसलिंगय्या आले. पंचामृत, विभूती, सगळं तयार होतं. त्यांनी सिद्धूला समोर येऊन बसायला सांगितलं. तो अंथरुणावरून उठला आणि गुडघ्यांतून दुमडून खाली बसला. बसला कसला, पडलाच. अय्यांनी पाण्याने भरलेली पळी तशीच तबकात ठेवली.

"लिंगाचं मी बघतो," ते म्हणाले. "लिंग कुठं जात न्हाय. ह्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

मोठ्या सरकारी दवाखान्यात बालरोग विभागाच्या डॉक्टरबाईंनी रबराची हातोडी सिद्धूच्या गुडघ्यावर मारली. पाय हलला नाही. दुसऱ्यावर मारली. तोही हलला नाही. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. आधी ताप होता का, जुलाब होते का, कधी होते, पोलिओचे डोस झालेत का. डोसांचं चंद्रिकाने ठासून सांगितलं, एकही चुकवला नव्हता. जुलाबाची तारीख तिला आठवेना. ती अक्षताने सांगितली. कुणी बोलावलं नसताना ती रिक्षात बसून मागोमाग आली होती.

"आणि मॅडम, चालणं कालच वेगळं दिसत होतं," अक्षता म्हणाली. "त्याच्या आधीपासून पण थोडं."

"मग काल का नाही आणलं?"

सोमशेखर बायकोकडे बघत होता. चंद्रिका अक्षताच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होती. मल्लूची शाळेची बाटली होती ती.

डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, गिलेन बॅरे सिंड्रोम, आणि पुण्यातल्या बातम्यांमधे जीबीएस म्हणतात तोच हा, असंही सांगितलं. त्यांनी ते सोपं करून समजावलं. पोटात जंतू गेला की शरीर त्याच्याशी लढायला शिकतं. कधी कधी जंतू मेल्यावरही ती लढाई थांबत नाही. शरीर आपल्याच नसांना जंतू समजून त्यांच्यावर तुटून पडतं. नसा अडल्या की हातापायांतली ताकद जाते, पायांकडून वर चढत जाते. बहुतेक मुलं यातून उठतात, पण वेळ लागतो, आणि मधे श्वासाचे स्नायू दुबळे झाले तर काही दिवस मशीन लावावं लागतं. एक दिवस उशीर झाल्याने काय फरक पडला, ते सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. सोमशेखरने ते दोनदा विचारलं.

चंद्रिकाने वेगळंच विचारलं. जुलाब दोघांना झाले होते. एकाच हौदातलं पाणी, एकाच घरातली दोन पोरं. मग ह्यालाच का?

"ते आम्हालाही सांगता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जुलाब हजारोंना होतात. हे एखाद्याला होतं."

तो एखादा आपला निघाला. आणि बाकीच्या हजारांमधला एक वरच्या मजल्यावर पळत होता.

सिद्धूला अतिदक्षता विभागात ठेवलं. पाठीतून पाणी काढलं, शिरेतून औषध सुरू झालं. लहान मूल असं लुळं पडलं की पोलिओ नाही ना, हे पक्कं करायला शौचाचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात, तेही घेतले. महापालिकेची माणसं घरी येऊन हौदातलं पाणी तपासायला घेऊन गेली. शनिवारी हात उचलेनासे झाले. रविवारी आवाज बारीक झाला. डॉक्टरबाई दिवसातून चार-पाच वेळा त्याच्यापाशी येत आणि एका श्वासात आकडे मोजायला सांगत. किती मोजता येतात त्यावरून छातीत किती जोर उरलाय ते कळतं. पहिल्या दिवशी तो वीसच्या पुढे गेला होता. सोमवारी अकरावर थांबला. श्वासाचं मशीन खाटेशेजारी आणून ठेवलं होतं.

अक्षता रोज दोन वेळा डबा आणत होती. तीच परिचारिकांशी बोलायची, औषध कधी संपेल, नाडी किती, सगळं विचारायची. परिचारिकांना वाटलं तीच आई. एकीने तसं म्हटलंही आणि अक्षताने लगेच दुरुस्त केलं, पण चंद्रिकाच्या मनातून ते गेलं नाही. अक्षता ज्वारीची भाकरी मऊ करून आणायची, तीही चंद्रिकाला टोचायची. जिचं पोर धड आहे तिला भाकरी मऊ करायला सुचतं, असं तिला वाटे. सगळ्यात जास्त टोचायचे ते मल्लूचे पाय. अक्षता शाळा सुटल्यावर त्याला बरोबर आणायची. आत सोडत नसत, तेव्हा तो काचेच्या दाराशी उभा राहून भावाला हात करायचा. सिद्धूला हात करता येत नव्हता. तो डोळे मिटून उघडायचा. मल्लूला तो खेळ वाटे, तोही तसंच करायचा. चंद्रिकाला मल्लूचं तोंड दिसत नव्हतं. तिला त्या खाकी चड्डीखालचे दोन काटकुळे, धुळीने भरलेले, एका जागी न राहणारे पाय तेवढे दिसत. ती त्यांच्याकडे बघत राही. ह्याच पायांना काही झालं नाही. झालं असतं तर? असं तिच्या मनात एकदा आलं. मग रोज येऊ लागलं.

मंगळवारी दुपारी अव्वाही आल्या होत्या. सिद्धूच्या कपाळाला विभूती लावायला त्यांना दोन मिनिटं आत सोडलं. बाहेर आल्यावर त्यांनी मल्लूला पोटाशी धरलं आणि त्या रडल्या. शिवा, एवढं तरी राखलंस, असं काहीसं कानडीत म्हणाल्या. एवढं तरी. चंद्रिकाने डब्याचं झाकण लावलं.

निघताना अक्षता फोनवर बोलत पुढे गेली, अव्वा तिच्या खांद्याला धरून. मल्लू मागे. लांबलचक व्हरांड्यात चंद्रिका त्याला पाठमोरा बघत होती. चालता चालता त्याच्या उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली. तो पुढे गेला, थांबला, मागे आला, चप्पल पायात घातली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा निसटली. वळणावर त्याने भिंतीला हात लावला आणि दिसेनासा झाला.

चंद्रिकाला आधी बरं वाटलं. अगदी तहानेला पाणी मिळावं तसं. आता कळेल, असं तिच्या मनात आलं. आता त्या घोंगडीवर कुणाचा हात दगडासारखा, ते अव्वांनी सांगावं.

मग ती बाकावर बसली.

तिने खरंच पाहिलं होतं का? इतके दिवस त्या पायांकडे ती टक लावून होती. जे दिसावंसं वाटत होतं तेच दिसलं नसेल कशावरून? पोरांच्या चपला निसटतातच. फोन करून सांगावं आणि काही नसलं, तर घरातलं प्रत्येक माणूस म्हणणार की हिच्या जिवाची जळजळ बोलली, धडधाकट पोराला हिने नजर लावली. अव्वा मल्लूची दृष्ट काढतील, ती हिच्या नावाने काढतील. आणि न सांगावं, तर? त्यावर तिने फार विचार केला नाही. ती आत गेली, सिद्धूचे ओठ ओल्या कापसाने पुसले. पाच वाजता डॉक्टरबाईंनी आकडे मोजायला सांगितले. तो आठपर्यंत गेला. नववा ओठांवर आला, पण आवाज निघाला नाही.

तो नववा आकडा ऐकायला वाकलेली असताना चंद्रिकाला कळलं की हे असं कुणाच्याही आईने वाकून ऐकू नये. तरी फोन हातात घ्यायला तिला आणखी बराच वेळ लागला.

"अक्षता, मल्लू कुठाय?"

"खाली हाय, अव्वांजवळ. का अक्का? सिद्धू बरा हाय न्हवं?"

"हाय तसाच हाय. मल्लूची चप्पल निसटत होती. उजवी. चालताना."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"ती सिद्धूची चप्पल हाय अक्का. मोठी होते त्याला. दादाचीच घालणार म्हणून हटून बसला सकाळी."

हे चंद्रिकाला सुचलं नव्हतं. क्षणभर तिला फोन ठेवून द्यावासा वाटला. सुटले, असंही वाटलं आणि त्याच वेळी कुठे तरी काही तरी हिरावलं गेल्यासारखंही वाटलं. त्या दुसऱ्या वाटण्याचीच तिला भीती वाटली आणि ती बोलत राहिली.

"असेल. तरी त्याला जमिनीवर मांडी घालून बसव. हात न टेकता उठायला सांग. दोन-तीनदा. भिंतीला पण धरलं होतं त्यानं."

पलीकडून अक्षताच्या जिना उतरण्याचा आवाज आला.

"तुम्हाला हे कधी दिसलं?"

"तुम्ही निघालात तेव्हा."

"अक्का, आता सात वाजले."

गुरुवारी सकाळी मी सांगितलं होतं, असं अक्षता म्हणाली नाही. तिने म्हटलं असतं तर चंद्रिकाला सोपं गेलं असतं. फोन बंद झाला.

मग चंद्रिका उठून डॉक्टरबाईंकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं. चप्पल मोठी आहे, हेही सांगितलं. एकाच घरात दोघांना होणं फार क्वचित, असं बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, आजच आणा, सकाळची वाट बघू नका.

मल्लूचा बाप विरेश याचा फोन थोरल्या भावाला, सोमशेखरला, आला तो सव्वासातच्या सुमारास. डॉक्टरबाईंचा निरोप चंद्रिकाने लगेच फोन करून घरी कळवला होता. मल्लूला बसवून उठवलं, विरेश म्हणाला. दोनदा उठला, हात न लावता. तिसऱ्यांदा नको म्हणाला, दमलो म्हणाला. खरंच दमला की कंटाळला, ते कळेना. अव्वा रडतायत. अक्षता त्याला घेऊन रिक्षाने निघाली आहे.

सोमशेखरने हे बायकोला सांगितलं तेव्हा डॉक्टरबाई पुन्हा सिद्धूच्या खाटेशी उभ्या होत्या. ह्या वेळी तो आठपर्यंतच गेला, पाच वाजता होता तिथेच. घसरण थांबली का, असं सोमशेखरने विचारलं. एवढ्यावरून म्हणता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

साडेसात वाजता सिद्धूला मशीन लावलेलं नव्हतं. मल्लू अजून पोचला नव्हता.